दादांचं नाव

मी एक जुना सर्व्हर. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, चादरींच्या खोलीला लागून असलेल्या गारठलेल्या खोलीत माझा मुक्काम. मला चेहरा नाही, आवाज म्हणाल तर नुसती पंख्याची घरघर. पण मित्रांनो, माझ्या होकाराशिवाय इथे कुणाला रिपोर्ट उघडता येत नाही की औषधाचा डोस लिहिता येत नाही.

मला इथे बसवलं दादांनी. संगणक विभागात ते एकटेच, म्हणून सगळ्यांचेच दादा. गुडघे दुखत असले तरी फरशीवर मांडी घालून बसायचे आणि मला शिकवायचे. समोरचा कोण आहे याची आधी खात्री करायची, मग त्याला कुठवर जाऊ द्यायचं ते बघायचं. माणसांचीच नव्हे, प्रत्येक प्रोग्रॅमचीही ओळख त्यांनी माझ्याकडे नोंदवली. प्रयोगशाळेच्या प्रोग्रॅमने रिपोर्ट लिहावेत, औषधांकडे फिरकू नये. सिस्टरांनी डोस वाचावा, लिहावा मात्र डॉक्टरांनीच. मोठमोठे डॉक्टर पासवर्ड विसरून आले तर मी त्यांनाही दारात उभं करायचो. लोक मला खडूस म्हणत. दादा हसत आणि माझ्यावरची धूळ पुसत. ते माझे मानाचे दिवस होते.

सगळीकडे जाऊ शकणारं नाव एकच होतं, खुद्द दादांचं.

मग दादा आजारी पडले आणि याच इमारतीत दाखल झाले. नेमका तेव्हाच प्रयोगशाळेचा नवा प्रोग्रॅम अडला, कारण त्याची नोंद करायची राहून गेली होती. रिपोर्ट खोळंबले, पेशंट ताटकळले. दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, इथल्याच औषध विभागात. दादांनी खाटेवरूनच त्यांना आपला पासवर्ड सांगितला. "आजच्यापुरतं माझ्या नावाने चालवा म्हणावं. बरा झालो की नीट करतो."

दादा बरे झाले नाहीत, आणि आजच्यापुरतं केलेलं तसंच राहिलं. काही अडलं की कुणीतरी म्हणे, "दादांच्या नावाने जा की, सगळं उघडतं." प्रेमानेच म्हणत हो. दादा गेले होते आणि माझ्याकडे मात्र दिवसभर येत होते. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, मग मी अडवणार तरी कसा?

एके दुपारी एका चिमुरडीला औषध जास्त गेलं. दुसऱ्याच पेशंटचा डोस कुणीतरी तिच्या नावापुढे लिहिला होता. पोर कशीबशी वाचली. चौकशी झाली, तेव्हा डोस लिहिणाऱ्याच्या जागी दादांचं नाव निघालं. रुग्णालयाचे मोठे साहेब वहिनींच्या तोंडावर म्हणाले, "माणूस गेला, पण घोळ घालून गेला. पासवर्ड वाटत सुटले असणार."

वहिनी तडक माझ्या खोलीत आल्या. दादांच्या जागी आलेले इंजिनीअर तिथेच होते.

"ह्यांचं नाव बंद करा."

"वहिनी, निम्मं रुग्णालय त्या नावावर चाललंय. आत्ता बंद केलं तर सगळं ठप्प होईल."

"मग ज्याला त्याला त्याचं नाव द्या. मी बसते इथे. पासवर्ड वरून खाली मीच आणला होता, आता बंदही मीच करीन."

इंजिनीअर कामाला लागले. एकेका प्रोग्रॅमला स्वतःची ओळख मिळाली आणि कामापुरतीच परवानगी. वहिनी विभागाविभागात फोन करून विचारत होत्या, "चालतंय ना?" अखेर दादांच्या नावावर काहीच उरलं नाही. इंजिनीअरांनी खुर्ची वहिनींकडे सरकवली. वहिनींनी नाव बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं.

"ह्यांनी कुणाचं वाईट केलं नाही हो," त्या म्हणाल्या, आणि बटण दाबलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या सकाळी कुणीतरी सवयीने दादांच्या नावाने आलं. दादांना मी पहिल्यांदाच नाही म्हणालो.

जरा वेळाने वॉर्डातल्या सिस्टर खाली आल्या. वहिनी इंजिनीअरांपाशी उभ्या होत्या. सिस्टर त्यांच्याकडे न बघताच बोलल्या, "मला माझ्या नावाने काम करायचंय. त्या पोरीचा डोस मी लिहिला होता. डॉक्टर कामात होते, म्हणून मीच दादांच्या नावाने आत गेले आणि घाईत चुकले. साहेबांना सांगूनच आलेय."

वहिनी खुर्चीत बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. दादा गेल्यानंतर त्यांचं रडणं मी प्रथमच ऐकत होतो.

मित्रांनो, आपलं नाव कुणाला उसनं देऊ नका, अगदी आजच्यापुरतंही नाही. आणि माणूस गेला, की त्याच्या नावाला कामाला जुंपू नका. ते जपून ठेवायला घरी कुणीतरी असतं.