लुशियस पिंकार्डचा धक्का

पुलाअलीकडे, नदीवरच्या जुन्या धक्क्याची वाट जिथे रस्त्याला मिळते तिथे, आमच्या काउंटीच्या इतिहास मंडळाने पाटी लावली होती. ‘येथील शेवटचा नावाडी होशिया पिंकार्ड पुरात वाहून गेला.’ मंडळात मीही होते.

एका रविवारी चर्चहून येते तो माझ्या व्हरांड्यात एक उंच म्हातारा आणि त्याची बायको बसलेली.

“मंडळातल्या सिस्टर आयोला तुम्हीच ना?” चर्चमधल्या रीतीने हाक मारत बाई म्हणाली. “मी अर्नेस्टीन. आम्ही नुकतेच डेट्रॉईटहून राहायला आलो. हा माझा नवरा, होशिया पिंकार्ड. तुमच्या पाटीने मला विधवा केलंय, आणि हा तर सकाळी दोन ताटं हाणून आलाय!”

मी गोड चहा आणला.

होशिया सावकाश बोलू लागला. “माणूस गेला हे खरंय. पण तो माझा धाकटा भाऊ, लुशियस. मी तापाने फणफणलो होतो. डॉक्टर पलीकडच्या काठावर राहायचे. आई नको नको म्हणत होती, तरी तो माझा कोट अंगात घालून नाव घेऊन गेला. लोकांनी लांबून कोट पाहिला, मीच समजले. बरा झालो, पण नदीकडे बघवेना. उत्तरेला निघून गेलो. आमच्या वस्तीतलेही एकेक करून तिकडेच गेले. इथे खरं सांगायला उरलं कोण?”

अर्नेस्टीन त्याच्याकडे बघतच राहिली. “एवढा संसार झाला आपला, आणि लुशियसचं नाव मी आज ऐकतेय?”

“सांगणार होतो गं.”

“कधी? तुझी पाटी लागल्यावर? ती तर लागलीसुद्धा!” असं म्हणून तिने त्याचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

मंडळाने नवी पाटी करायचं ठरवलं. होशियाचंही नाव असावं, असं काहींचं म्हणणं पडलं. तो म्हणाला, “नाव त्याने वल्हवली. त्याचंच लिहा.”

शरद ऋतूत पाटी बसली. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, अर्नेस्टीनने केक वाटला. होशियाला चार शब्द बोलायला सांगितलं. भावाच्या नावावरून त्याने एकदा बोट फिरवलं.

“खाली जाऊ या?” त्याने बायकोला विचारलं.

“चल. पण हळू, गवत ओलं आहे.”

दोघं धक्क्याच्या वाटेने उतरली. आम्ही वरच थांबून उरलेला केक संपवला.