आठ फूट दोन सूत

मी एक खोली बोलतेय. हे वाक्य आता मी छातीठोकपणे बोलू शकते, कारण तसा सही-शिक्क्याचा कागद झाला आहे. गेल्या वर्षी मधले दीड महिने मी हेच बोलले असते तर ते खोटं ठरलं असतं. आणि त्याआधी इतकी वर्षं मी खरं बोलत होते की खोटं, हे माझं मलाच उमगलेलं नाही. तुम्ही माणसं शहाणी. ऐकून घ्या आणि काय ते ठरवा.

तीन मजली इमारतीच्या माथ्यावर, जिना संपतो तिथे डाव्या हाताला मी आहे. मला कुणी हौसेनं बांधलं नाही. इमारत पुरी झाली तेव्हा विटा उरल्या, थोडं सिमेंट उरलं. मालक म्हणाले, "असू दे वर एक खोपटं, फळ्या-बिळ्या ठेवायला." गवंड्यानं मला चार दिवसांत उरकलं. खाली वेगळी जमीन करायचाही त्याला कंटाळा आला. स्लॅबवरच पातळ सिमेंट फिरवलं आणि हात धुतले. खिडकी मात्र चांगली मोठी ठेवली, कारण एक जुनी चौकट पडून होती आणि ती कुठेतरी खपवायची होती. नकाशावर माझ्या चौकोनात 'कोठी' असं लिहिलं गेलं. जन्मनाव म्हणाल तर ते.

पुढे मालकांचा मुलगा अभ्यासाला वर येऊ लागला आणि मी 'अभ्यासाची खोली' झाले. अभ्यास किती झाला ते विचारू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो शिकून परगावी गेला, मग एक फोटोवाला आला. त्यानं खिडकीला काळा कागद डकवला आणि बाहेर पाटी लावली. त्याच्यामुळे विजेच्या बिलावर मी 'दुकान' म्हणून नोंदली गेले, ते अजून तशीच आहे. पोस्टमन खालून ओरडतो, "गच्चीचं पत्र!" एका अंगाला चार नावं. ओ कोणत्या नावाला द्यायची, सांगा.

फोटोवाला गेला आणि चौदा वर्षांपूर्वी मिस्त्री आले. लोकांच्या घरी फरशा बसवणं हे त्यांचं काम. बायको नुकतीच वारली होती. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात शाळकरी लेकीचं बोट. दोघांनी काळा कागद खरवडून काढला, तेव्हा माझ्यात पुन्हा सरळ ऊन आलं. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात मोरी, खिडकीखाली लेकीची खाट. मालक वारल्यावर कारभार पाहणाऱ्या मालकीणबाई खालच्या मजल्यावरून म्हणायच्या, "वरच्या खोलीतली मंडळी चांगली आहेत हो." खोलीतली! ते ऐकून मी सुखावायचे.

लेक मोठी झाली, गल्लीतल्याच औषधाच्या दुकानात कामाला लागली. मिस्त्रींचे गुडघे गेले. जन्मभर गुडघ्यांवर बसून काम केलेला माणूस, गुडघे किती साथ देणार? त्यांनी काम सोडलं. गंमत म्हणजे गावभर फरशा बसवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र तेच गवंड्यानं फिरवलेलं सिमेंट होतं, आणि त्याला हातभर लांब भेगा. कितीही झाडा, भुकटी निघायचीच. लेक चिडवायची, "बाबा, दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याकडे राहायला आलाय." मिस्त्री म्हणायचे, "करू गं. आपल्या घरचं काम आहे, पळून जातंय का?"

मग पालिकेचं पत्र आलं. भाड्यानं दिलेल्या सगळ्या खोल्यांची तपासणी होणार, महिन्याची मुदत, सोबत नियमांची पुस्तिका. मिस्त्रींनी चष्मा लावला, बोट ओलं केलं आणि भराभर पानं उलटली.

"बाबा, पहिल्यापासून वाचा ना," लेक म्हणाली.

"पहिली पानं व्याख्यांची आहेत. खोली म्हणजे काय नि भिंत म्हणजे काय. जन्म गेला माझा लोकांच्या खोल्यांत, आता हे पुस्तक मला खोली शिकवणार?"

आणि त्यांनी थेट जमिनीचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं की जमीन सपाट असावी, भेगा नसाव्यात, सहज पुसता यावी. ते वाचून मिस्त्रींनी माझ्या भेगांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी आजवर त्यांना दिसलेच नव्हते. तपासणीवाल्यांनी फरशीवाल्याच्या घरात फुटकी जमीन पाहायची? त्यांना ते झेपणारं नव्हतं.

त्यांनी खाटेखालून दोन पोती ओढून काढली. त्यांत उरलेल्या फरशा होत्या, चाळीस वर्षांच्या कामांतल्या, कुठल्या चार तर कुठल्या सहा. कोणाच्या स्वयंपाकघरातली निळी, दवाखान्यातली पांढरी, शाळेच्या व्हरांड्यातली विटकरी. प्रत्येक काम संपल्यावर मालकाला विचारून आणलेल्या. रंग वेगळे, जाडीही वेगळी. आता वेगवेगळ्या जाडीच्या फरशा एका पातळीत आणायच्या तर खाली सिमेंट-वाळूचा माल चांगला जाड घालावा लागतो. मिस्त्रींनी तो घातला. यात त्यांचं काय चुकलं, मला आजही कळत नाही.

तीन आठवडे काम चाललं. लेक सकाळी दुकानात जाण्याआधी तीन मजले वाळूच्या बादल्या चढवायची. मिस्त्री गुडघ्यांखाली पोत्याची घडी घेऊन बसायचे, दोरी ताणायचे, पातळी बघायला पाणसळ ठेवायचे, रबरी हातोडीनं हलकेच ठोकायचे. दुखलं की शिव्या घालायचे, पण गुडघ्यांना, कामाला नाही. निळ्या मध्ये, पांढऱ्या भोवती, विटकरी कडेला. सांधे भरून झाले आणि लेकीनं पहिल्यांदा ओलं फडकं फिरवलं, तेव्हा फडक्यावर भुकटीचा कण नव्हता. ती नुसती बसून राहिली फरशीवर. मिस्त्री म्हणाले, "उठ आता, ओली आहे." उठली नाही. त्या दिवशी मला वाटलं की आज मी पुरती खोली झाले. माझ्या अकलेची कमाल बघा.

तपासनीस बाई आल्या. वयानं लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, खांद्याला पिशवी, हातात टेप. फरशी पाहून त्यांनी न सांगता चपला बाहेर काढल्या.

"कुणी बसवली हो?"

"मीच," मिस्त्री म्हणाले आणि उगाच भिंतीकडे पाहू लागले.

बाईंनी ओल पाहिली, खिडकी उघडून पाहिली. मग टेपचं एक टोक लेकीला फरशीवर धरायला देऊन दुसरं छताला लावलं. आकडा वाचला. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा खिडकीपाशी लावली.

"काका, उंची सात फूट साडेदहा इंच भरतेय. आठ फूट लागते."

"कुठे लिहिलंय?"

"पहिल्याच पानावर." बाईंनी पुस्तिका उघडून वाचलं. "राहण्याची खोली म्हणजे झोपणं, बसणं, जेवणं यासाठी वापरायची अशी जागा, जिची जमिनीपासून छतापर्यंतची उंची आठ फुटांहून कमी नाही."

"आणि कमी असली तर?"

"तर ती कोठी. कोठीत माणसाला राहता येत नाही."

"पण आम्ही राहतोय ना."

"हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तिका मिटली.

मिस्त्रींनी डोळे मिटून मनात मोजलं. "आधी आठ फूट दोन सूत होती. मीच मोजली होती, फरशी लावायच्या आदल्या दिवशी." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिस्त्री लोकांचं माप.

"अहो, मग खोलीच होती की ती. भेगा चालल्या असत्या, त्या दुरुस्तीत जातात, दुरुस्तीला वर्षाची मुदत देतो आम्ही. उंचीला वर्षाची मुदत नाही." बाईंचा आवाज खाली आला. "मला खोटं नाही लिहिता येणार, काका. तीन आठवड्यांनी पुन्हा येते. तोवर काहीतरी करा. नाही तर जागा सोडावी लागेल."

त्या गेल्या आणि मी गोंधळात पडले, ती पडलेच. म्हणजे भेगाळलेली होते तेव्हा मी खोली, आणि चकचकीत झाले तर कोठी? त्या दुपारी लेक माझ्यात जेवली, मिस्त्री माझ्यात आडवे झाले. झोपणं, बसणं, जेवणं सगळं चालू होतं. मग माझ्यातलं नेमकं काय निघून गेलं? मी छतापासून जमिनीपर्यंत शोधलं. मला तर सगळं जागच्या जागी दिसत होतं.

मालकीणबाई वर आल्या. त्यांच्याकडे उपायांना तोटा नव्हता. "टेप जरा तिरकी धरायची. नाही तर छत घासून घ्या की दोन बोटं." छत घासलं तर सळ्या उघड्या पडतील आणि पहिल्याच पावसात गळेल, हे मिस्त्रींनी त्यांना दोनदा समजावलं. खाली खणावं तर तिथेही स्लॅबच. वर सरकायला जागा नाही, खाली सरकायला जागा नाही.

लेक दोन रविवार जागा शोधत हिंडली. एक खोली मिळत होती, पण चौथ्या मजल्यावर आणि जिना असा खडा की मिस्त्री एकदा चढले की पुन्हा उतरणार नाहीत. दुसरी इतकी लांब की दुकान सोडावं लागेल. तरी ती म्हणाली, "बाबा, लांबची घेऊ. फरशी फोडायची नाही."

"तुझी नोकरी?"

"दुसरी बघेन."

"आणि ही कोठी म्हणून बंद होणार. आत मालकीणबाईंचे जुने पलंग राहणार आणि माझ्या फरशीवर उंदीर बागडणार. तुझ्यासाठी बसवली होती पोरी. तूच इथे नसलीस तर ती काय चाटायचीय?"

लेक रडली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेल्यावर त्यांनी छिन्नी-हातोडा काढला.

मला दुखलं का? दुखलं. पण मी काय सांगू, घाव घालणाऱ्याकडे पाहून माझं दुखणं मला दाखवता येईना. मिस्त्रींना वाटलं होतं, निम्म्या तरी फरशा आख्ख्या सुटतील. पण कच्च्या हातानं बसवलेली फरशी सुटते, पक्क्या हातानं बसवलेली फुटते. एकेका फरशीला ते चारी बाजूंनी छिन्नी लावायचे, हळू ठोकायचे, आणि ती मधोमध तडकायची. एका निळ्या फरशीपाशी अर्धा तास बसले आणि शेवटी स्वतःशीच म्हणाले, "नाही निघायची ही. मी बसवलीय." पाच दिवस लागले. आख्ख्या सुटल्या फक्त सात. त्या त्यांनी मालकीणबाईंच्या मोरीत बसवून दिल्या, कारण मोरी किती उंच असावी हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही. पोत्यांतून तुकडे खाली नेताना लेकीनं एकदाही पोत्यात पाहिलं नाही.

आता माझी जमीन पूर्वीसारखी आहे. पूर्वीपेक्षा वाईटच म्हणा, भेगा होत्याच, वर छिन्नीचे घाव. भुकटी निघते. लेक रोज सकाळी झाडते आणि दुकानात जाते, मिस्त्री खिडकीपाशी बसतात. दोघं इथे आहेत, आणि त्यापुढे मला माझं नाव काय याची फारशी पडलेली नाही. तरी व्याख्या लिहिणाऱ्यांना एक विनवणी आहे. तुमचं माप चुकीचं असेल असं मी म्हणत नाही, माणसाला डोक्यावर हवा लागते हे मलाही कळतं. पण लिहिण्याआधी एकदा वर या. जिना दमवतो, तरी या. चपला काढून घटकाभर बसा आणि मग मला समजावून सांगा, कारण मला अजून नीट समजलेलं नाही.

फेरतपासणीचं सांगायचं राहिलं. बाई आल्या, चपला काढायला वाकल्या, आत नजर गेली आणि तशाच थांबल्या. मग टेप लावली. आठ फूट एक सूत, एक सूत माल खाली चिकटूनच राहिला होता. त्यांनी कागदावर 'राहण्याची खोली' असं लिहिलं, त्याखाली 'जमीन: खराब' असं लिहिलं आणि कागद मिस्त्रींपुढे ठेवला.

मिस्त्रींनी दोनदा वाचला. "मॅडम, 'खराब'च्या जागी 'जुनी' लिहिता येईल का?"

बाईंनी पुस्तिका उघडली, खरंच शोधलं. "काका, चांगली आणि खराब, दोनच आहेत. जुनी असं काही दिलेलं नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, नाव लिहिलं, सही केली. खाली एक रकाना रिकामा होता, राहणाऱ्याचा व्यवसाय. तिथे त्यांनी सावकाश, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'फरशीकाम'.