शेवटचा रकाना

"मुलं पेन्सिलीने लिहितील, तुम्ही त्यावरून फक्त पेन फिरवा. खोडू नका. चुकलं तरी चुकू द्या," पालकसभेत बाई म्हणाल्या होत्या. मांडीवरच्या तान्ह्याला थोपटत तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

देश किती पुढे गेला, हे यंदा मुलंही मोजणार होती. नळाला पाणी किती वेळ असतं, कचरा कुठे जातो, शाळा सुटलेली मुलगी आहे का. गल्ल्यांचे आकडे जोडून देशाचा अहवाल होणार होता. तिची नऊ वर्षांची लेक आठवडाभर फॉर्म घेऊन दारोदार हिंडली. "फौजदारच झाली की गं ही!" खालच्या मजल्यावरची शिंपीणकाकू हसली.

फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात लेकीने लिहिलं होतं : 'एक. काजाताई. वय चौदा. पुढच्या महिन्यात लग्न.' काजाताई म्हणजे शिंपीणकाकूची मुलगी. शाळा सोडवून तिला शर्टांची काजं करायला बसवलं, तेव्हापासून लेक तिला याच नावाने हाक मारी.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तिनंच. म्हणाली, लिही गं, वरपर्यंत जातं ना हे."

आईने फॉर्म हातात घेतला. अडीनडीला बाळ सांभाळायला काकूच होती.

"लोकांच्या घरातलं चव्हाट्यावर मांडू नये, बाळा."

"पण आई, खरंय ते!"

"खरं असलं म्हणून काय झालं?"

तिने ती ओळ खोडली, 'शून्य' लिहिलं आणि सुबक अक्षरात पेन फिरवलं.

ज्या फॉर्मांत शेवटच्या रकान्यात शून्य नव्हतं, त्या गल्ल्यांत बाई स्वतः जाऊन आल्या. पलीकडच्या गल्लीतलं एक लग्न थांबलं. इथे कुणी फिरकलं नाही. फॉर्मला मात्र नीटनेटकेपणाचं बक्षीस मिळालं.

वर्षाच्या आत काजाताई गेली. पहिलंच बाळंतपण होतं.

आई खाली भेटायला गेली तेव्हा काकू मशीनवर बसली होती. चाक फिरत होतं, सुईत दोरा नव्हता.

"बस गं. चहा टाकू?" काकू म्हणाली.

ती बसली. रडू आलं नाही. चहा निवला, साय धरली, तरी ती बसूनच होती.

घरी लेकीने विचारलं, "आई, आता तिला कुठल्या रकान्यात लिहायचं?"

पुढच्या पालकसभेत तिने उभं राहून सगळं सांगितलं, कोरड्या आवाजात, यादी वाचावी तसं. हल्ली ती भेटेल त्याला एकच विचारते, आणि तुम्हालाही विचारते आहे : तुमच्या जिन्यात रोज दिसणारी एखादी पोर अलीकडे दिसत नाही का? मग हे वाचणं राहू द्या बाजूला. आधी तिचं दार वाजवून या.