वाट बघणारी बाई

"आई, तशीच बस. मान वळवू नकोस."

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आईने मान वळवलीच. मुलगी टक लावून तिच्या हातांकडे बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. नाटकासाठी."

आईचं आयुष्य बसमध्ये उभ्याने गेलं होतं. कंडक्टरची नोकरी. दारात लोंबकळणारी पोरं तिच्या एका हाकेसरशी आत सरकायची. घरी फोन उचलला तरी "बोला पटकन" असंच तोंडातून निघायचं. अशा बाईच्या छातीत गाठ सापडली होती. तपासणी झाली होती आणि आज रिपोर्ट कळायचा होता. बाबांना तिने मुद्दाम कामावर धाडलं होतं. ते आले असते तर त्यांनाच सांभाळत बसावं लागलं असतं.

मुलीला कॉलेजच्या नाटकात ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या बायकोचं काम मिळालं होतं. नाटक बसवणारे सर रोज तालमीत वैतागायचे, "तू नुसती रडतेस. वाट कुठे बघतेस?"

"इथे माझा जीव टांगणीला लागलाय," आई दबक्या आवाजात म्हणाली, "आणि तुला नाटक सुचतंय?"

मुलीचा चेहरा उतरला. "तसं नाही गं. नुसतं बसलं की नको नको ते मनात येतं. ही तालीम आहे असं समजून तुझ्याकडे बघितलं की जरा बरं वाटतं."

आई थोडी तिच्याकडे सरकली.

"मग नीट बघ. माझं घाबरणं फुकट जायला नको."

मुलीला हसू आलं आणि डोळेही पुसावे लागले. "आत्ता काय चाललंय तुझ्या मनात? खरं सांग."

"खरं? गिझर बंद केला का, ते आठवत नाहीये."

"एवढंच?"

"आणि तुझ्या बाबांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मी नसले तर..." ती थांबली. "डॉक्टरांच्या त्या दाराकडे मी बघतच नाही. बघितलं तर उघडेल असं वाटतं."

दार उघडलंच. आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

"साधी गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काळजीचं काही नाही. अधूनमधून दाखवून जात जा."

आई फक्त "बरं" म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र भिंतीला टेकून उभी राहिली.

"आई? चक्कर येतेय का?"

"भूक लागलीय गं. सडकून."

दोघी इतक्या हसल्या की काउंटरवरच्या मुलीने त्यांना गप्प केलं.

नाटकाच्या दिवशी आईबाबा शेजारी शेजारी बसले होते. रंगमंचावर एकच बाक होतं. मुलगी त्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. रडली नाही. सभागृहातलं खोकणं हळूहळू थांबलं.

"काय हुबेहूब करते पोरगी!" पलीकडच्या खुर्चीतली बाई कुजबुजली. "घरात कुणाला काहीतरी झालेलं असणार हिच्या."

"नाही हो," आई म्हणाली, "आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत."

बोलता बोलताच तिचे डोळे भरून आले. दवाखान्यात न आलेलं रडू आता आवरेना. बाबा गोंधळून तिच्या कानाशी वाकले.

"अगं, नाटक आहे ते."

"माहितीये," ती म्हणाली, आणि रडत राहिली.