बोअरमधला नारळ

पाइप आठ फुटांवर जाऊन अडला आणि हरेश्वरच्या पायाला भिंगरी लागली. तसा तो सकाळपासूनच मागच्या अंगणात येरझारा घालत होता. आता तर कुंपणापर्यंत जायचा, तिथून बोअरकडे बघायचा आणि कोणाची नजर वळली की पुन्हा कुंपण गाठायचा. इंजिनीअर मानसी बोअरच्या तोंडाशी उकिडवी बसून काळ्या पाइपाचं टोक वरखाली करत होती. हरेश्वरचा मुलगा कृणाल तिच्या खांद्यावरून मोबाइलचा टॉर्च मारत होता.

"आत काहीतरी आहे," मानसी म्हणाली. "सकाळी नव्हतं."

काय आहे ते हरेश्वरला पक्कं ठाऊक होतं. पण सांगायला जीभ उचलत नव्हती. वेसाव्याच्या कोळीवाड्यात हा माणूस फाटक्या शिडाची होडी वादळातून किनाऱ्याला आणणारा म्हणून ओळखला जाई. आणि आज आपल्याच मुलासमोर तोंड उघडायची त्याची छाती होईना.

ही सगळी उठाठेव त्याच्या बायकोसाठी, सखुबाईसाठी होती. गेल्या मे महिन्यात ती याच अंगणात बोंबील वाळत घालता घालता कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. दोन दिवस तिला शुद्ध नव्हती. घरी सोडताना डॉक्टरांनी हरेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, आता ऊन झेपायचं नाही, खोली थंड ठेवा, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. ते वाक्य हरेश्वरच्या डोक्यात तेव्हापासून घोंघावत होतं.

कृणालने आठवड्याभरात एसी आणला. लावणारा माणूस आला, त्याने भिंतीला पेन्सिल लावली आणि सखुबाई अंथरुणातून उठून बसली. पुढची गल्ली जेमतेम चार फुटांची. एसीचं बाहेरचं खोकं तिथे लागणार आणि त्याची गरम हवा समोरच्या निशाच्या दारात जाणार. दारात निशाच्या तान्ह्या पोराचा पाळणा.

"आपून थंडाव्यात निजायचं न् तिच्या पोराच्या तोंडावर आग सोडायची?" सखुबाई म्हणाली. "मना नको तो."

मागे लावावा, तर मागचं अंगण चार घरांचं. दिवसभर तिथे बायका मासळी निवडत बसलेल्या. वर लावावा, तर छप्पर पत्र्याचं, खारी हवा खाऊन आधीच चाळण झालेलं. कृणालने डोकं आपटून घेतलं, एसी परत केला. सखुबाई हट्टाला पेटली की घरातलं मांजरसुद्धा मध्ये पडत नसे.

कृणाल मोठमोठ्या इमारतींना थंड ठेवणारी यंत्रं बसवायच्या कामावर होता. तिथली त्याच्या बरोबरीची मानसी, मुलुंडची, मूळची मालवणकडची. तिने नवीनच काढलं. उष्णता हवेत सोडायचीच नाही, जमिनीत सोडायची. अंगणात सहा इंची भोक दोनशे फूट खाली न्यायचं, त्यात पाइप घालायचा, पाइपातून पाणी फिरवायचं. घरातली उष्णता ते पाणी खाली नेऊन ठेवतं. खाली बारा महिने एकच हवामान, वैशाखात वरच्यापेक्षा गार. थंडीत तेच मशीन उलटं चालवलं की आंघोळीला गरम पाणी. बाहेर खोकं नाही, कोणाच्या दारात झळ नाही.

सखुबाईने सगळं ऐकून एकच विचारलं होतं.

"खाली कोन ऱ्हातं?"

"कोणी नाही मावशी. दगड."

"मग करा."

शिमगा होऊन दोन दिवस झाले होते, ऊन चढू लागलं होतं. मोठ्या मिनतवारीने बोअरचं छोटं मशीन किनाऱ्याच्या बाजूने अंगणात आलं. कालचा दिवस आणि आजची सकाळ खणण्यात गेली. पाइप याच मशीनच्या दोराने खाली सोडायचा होता आणि दुपारी तीनला मशीन दुसऱ्या कामावर जाणार होतं. ते पुन्हा मिळायचं म्हणजे दीड महिना. दीड महिन्याने मे.

सकाळी बोअरमधून चिखलाबरोबर पाणी उसळलं तेव्हा हरेश्वरने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. मानसीला आनंदच झाला, ओली जमीन उष्णता लवकर ओढून घेते म्हणाली. हरेश्वरला मात्र त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. त्याच्यासाठी ते पाणी नव्हतं. साक्षात दर्या त्याच्या दारी आला होता, आणि दर्यासमोर तो जन्मात कधी रिकाम्या हाताने उभा राहिला नव्हता. मंडळी पुढच्या दारी चहाला गेली तशी त्याने देव्हाऱ्यातला सोललेला नारळ आणला, शेंडी नीट केली, कपाळाला लावला. सखूला हा उन्हाळा काढू दे, एवढंच मागितलं आणि सोडून दिला. डुबुक असा आवाज आला. त्याला फार बरं वाटलं. आता त्या बरं वाटण्याचाच त्याला संताप येत होता.

"कृणाल," तो कुंपणाजवळून म्हणाला. "नारल हाय तो."

"काय?"

"मी दिला. दर्याला."

कृणालने टॉर्च बंद केला. मग त्याच्या तोंडून जे सुटलं ते शेजारच्या चार घरांत ऐकू गेलं. "बाबा, वाट लावलीस यार! दोनशे फूट खणून त्यात नारळ? समुद्र समोर पडलाय एवढा, तो नाही दिसला तुला?"

हरेश्वरने मान खाली घातली. पोरगं बरोबर बोलत होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

मशीनवाला लवू पुढे झाला. "खणायचं बिट घालून फोडून टाकू ना. दोन मिनिटांचं काम."

"नको," मानसी म्हणाली. "वरचं केसिंग, माती धरून ठेवणारी ही नळी, प्लॅस्टिकचं आहे. बिट हललं तर तडकेल, मग माती ढासळून सगळंच भोक गेलं." तिने पुन्हा आत वाकून पाहिलं. पाण्यावर तपकिरी टक्कल हलत होतं. "काका, घाबरू नका. तरंगतोय, शेंडी वर आहे. बांबूला आकडा बांधू, शेंडीत अडकवू, आला वर."

कृणाल बांबू आणायला वळलासुद्धा. तेवढ्यात हरेश्वर बोअरवर आडवा उभा राहिला.

"काढायचा नाय."

"म्हणजे?"

"दिलेला नारल परत घ्यायचा नाय. तो तुज्या आयेच्या नावाचा हाय." त्याने दोन्ही हात पसरले. "तो काढला म्हंजे काय काढलं, कललं तुना?"

कृणालला कळलं. म्हणून त्याला आणखी राग आला. मानसीने पाइप खाली ठेवला. तिच्या आजोळीही अशा गोष्टी होत्या, तिथे कोणी इंजिनीअरला विचारत नसे.

शेवटी हरेश्वरनेच तोड काढली. सव्वा वाजता भरती. किनाऱ्याजवळच्या विहिरींना भरती तासभर उशिरा कळते, हे त्याला लहानपणापासून माहीत. बोअरमधलं पाणीही चढणार. "सव्वादोनपर्यंत थांबा. दर्यानंच वर आणून दिला तर मी हातानं घेईन. मग तो परत घेतलेला नाय, दिलेला."

"आणि हाताला नाही लागला तर?"

हरेश्वरने बोअरकडे पाठ केली. तो पुन्हा येरझारा घालू लागला.

ते तीन तास कोणालाच धड गेले नाहीत. मानसीने पाइपाचा प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा तपासला. लवू दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून सुस्कारा सोडी. कृणाल बांबूला आकडा बांधत बसला, बांधून झाला तरी सोडून पुन्हा बांधला. आतून सखुबाईने दोनदा विचारलं, काय खोळंबलंय? दोनदा हरेश्वरने सांगितलं, काय नाय. अकरानंतर तिला उन्हात यायला बंदी होती, म्हणून ती बिचारी पंख्याखाली बसून राहिली. पंखा गरम हवाच फिरवत होता.

बारापासून हरेश्वर बोअरजवळ पालथा पडला तो उठेना. पाणी चढत होतं, यात शंका नव्हती. आधी बोटभर, मग वीतभर. नारळ हळूहळू गिरकी घेत वर येत होता. दीड वाजता त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटं हवेतच राहिली. दोन वाजता शेंडी स्पष्ट दिसू लागली आणि त्याने हात आणखी आत ताणला. ये रं, ये, तो पुटपुटत होता. आयुष्यभर त्याने ज्याच्याकडे फक्त मागितलं, कधी सांगितलं नाही, त्या दर्याला तो आज ये म्हणत होता.

सव्वादोन झाले. नारळ थांबला. त्याच्या बोटांपासून तीन फूट खाली.

अडीचला केसिंगच्या आतल्या बाजूला ओली रेघ दिसू लागली. कोळ्याच्या डोळ्याला ती कळायला वेळ लागत नाही. पाणी उतरत होतं.

"बास झालं," कृणाल म्हणाला आणि बांबू घेऊन आला. हरेश्वर धडपडत उठला, बांबूचं दुसरं टोक त्याने घट्ट धरलं. बाप इकडे ओढतोय, लेक तिकडे ओढतोय. लवूने तोंड फिरवलं. अशा वेळी परक्याने कुठे बघावं?

"सोड बाबा! आये मरेल!"

"म्हनून तर सोडत नाय!"

"कोन मरतंय?"

सखुबाई अंगणात उभी होती. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही, भर उन्हात. दोघांचे हात एकदम ढिले पडले. निशा पोराला कडेवर घेऊन तिच्यामागे धावत आली होती, सगळं तिनेच जाऊन सांगितलं असणार.

"आये, आत जा, ऊन लागेल."

"गप रं." ती हळूहळू बोअरपर्यंत आली, आत वाकून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "माज्यासाठी दिलास?"

हरेश्वरने मान डोलावली.

"मग माजा झाला. माजी वस्तू मी घेईन नायतर ठेवीन, तू कोन?"

"सखू, दर्या रागवंल."

"रागवंल तर कोनाला नेईल? मना. न् उकाड्यानं कोन जाईल? मीच." तिने बांबू त्याच्या हातातून काढून घेतला. त्याने घेऊ दिला. "दोनी बाजूनं मरायचं मी न् घाबरायचं तू? आजवर समिंद्रात तू गेलास, दारात मी बसले. भीती कनची अस्ते ती मना नको शिकवू."

चाळीस वर्षं ती दारात बसून काय करत होती, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. आज सकाळपासून तेच तो करत होता आणि चार तासांत त्याचे हाल झाले होते.

सखुबाईचा हात चुकला नाही. मासे निवडण्यात आयुष्य गेलेला हात तो. आकडा शेंडीत बसला, तिने बांबू सावकाश वर घेतला आणि पाणी निथळणारा नारळ मातीवर ठेवला. पुढच्या क्षणी मानसी आणि कृणाल पाइपाला भिडले, लवूने दोर सोडायला सुरुवात केली. आठ फूट गेला. वीस गेला. काळा पाइप न अडता खाली चालला होता आणि मानसी मोठमोठ्याने आकडे म्हणत होती. तीनला दहा कमी होते.

हरेश्वर पाइपाकडे बघत नव्हता. बायकोच्या कपाळावर घाम फुटला होता आणि तो त्या घामाकडे बघत होता. घाम येतोय, म्हणजे ठीक आहे, डॉक्टर म्हणाले होते. तरी तो होता तिथेच मातीत बसला.

"सखू," तो म्हणाला. "मना तू पायजेस."

असलं काही त्याच्या तोंडून तिने लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. तिने पदराने कपाळ पुसलं.

"मग मना उनात उभी क्याला केलीस?" तिने हात पुढे केला. "उठ. सावलीत ने मना."