चौथी बाजू

आमच्या गावचा बुरूज पेंढाऱ्यांची घोडी लांबून दिसावीत म्हणून बांधलेला. पेंढारी गेले, इंग्रज गेले, पण त्यावर रात्रीची जागल करायचं काम आमच्याच घराच्या गळ्यात राहिलं. त्यातही नियम असा, की वर बसायचं ते पाटलाच्या घराकडे पाठ करून. वरून त्यांचं अंगण दिसतं ना, बायामाणसांचं. म्हणजे घर त्यांचं राखायचं, पण त्याच्याकडे बघायचं नाही. माझे सासरे रामाजी यांनी सारा जन्म तीनच दिशा पाहिल्या.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत येताच सासऱ्यांनी जागल सोडली. मनोहरराव पाटलांनी बजावलं, "जागल नाई, त बुरूजबी नाई. पाय ठेवला त तंगडी तोडीन."

सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एकदा म्हणाले, "कमला, मायी एक बाजू पाह्याची राह्यली. डोये जाच्या आंधी एखाद्या पाहाटी गुपचूप पाहून घेतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढीशी हौस, आणि तिच्यासाठी म्हाताऱ्यानं मार खायचा? मी म्हटलं, "मामाजी, चोरावानी कायले? भरदिवसा जाऊ."

बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावादेखत, त्यांचा हात धरून मी चढले. वर पोचताच ते खाली बसले, आणि बसले ते पाटलाच्या घराकडे पाठ करूनच. माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "आंगवळणी पडलं, बाई."

मग उठून उभे राहिले आणि वळले. अंगणात मिरच्या वाळत होत्या, एक शेळी बांधलेली होती, पाटलीणबाई गोपिकाबाई गहू पाखडत होत्या.

"एवढंच होय?" सासरे म्हणाले.

तेवढ्यात पाटील दोन गडी घेऊन बुरुजाखाली आले. "रामाजी, काय पाहून राह्यला? पाठ कर तिकडं."

आजवर त्यांना मालक म्हणणारे माझे सासरे काठावर आले. "मनोहरराव, मी लय वर्सं केली पाठ. आता तुमाले पाहवत नसंन, त तुमी करा."

बाजारातली माणसं बुरुजाकडे सरकली. गडी हुकमासाठी पाटलांकडे बघू लागले. तिकडे गोपिकाबाईंनी मान वर केली, पदर सावरला आणि पुन्हा सूप हाती घेतलं.

पाटील वळले आणि घराकडे चालू लागले. आम्ही दोघं वरून त्यांची पाठ बघत राहिलो.