झेंड्याचा रंग

आमच्या केळी-मजूर संघटनेचा झेंडा तपकिरी आहे. एक्क्याण्णव साली मुक्ताईनगरच्या सभेत जळगावहून आलेले नवे अध्यक्ष माईकवर म्हणाले, "हा आपल्या मातीचा रंग." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं. चौऱ्याऐंशीच्या संपात पहिला झेंडा मी शिवला होता, नवऱ्याच्या कामावरच्या सदऱ्याचा. पण मला विचारतं कोण!

सभा संपल्यावर फोटोसाठी अध्यक्षांनी नुकताच कापलेला केळीचा घड खांद्यावर घेतला. आम्ही खांद्यावर पोतं टाकल्याशिवाय घड उचलत नाही. ते सांगायला माझा दीर तोताराम उठला, तर मी त्याला हात धरून खाली बसवलं.

घडाचा चीक त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर ओघळला. पाण्यासारखाच दिसतो, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. चहापाणी होईपर्यंत खांद्यापासून खिशापर्यंत तपकिरी डाग पडला. कोणी साबण आणला, कोणी लिंबू आणलं. अध्यक्ष घासून घासून दमले.

"अक्का, हा कशाने निघतो हो?" शेवटी त्यांनी मलाच विचारलं.

"निघत नाही," मी म्हटलं. "म्हणूनच तर आम्ही तो झेंड्याला घेतला."